अडखळत वाचणारं भावंड: सरावापासून नोकरीपर्यंत सोबत कशी करायची

'सूर्य' म्हणताना र आधी येतो, य नंतर. लिहिताना मात्र तोच र रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो. 'किती'मधली पहिली वेलांटी याच्या उलट वागते: कागदावर क च्या आधी, तोंडात क च्या नंतर. बहुतेक मुलांना ही उलटापालट काही महिन्यांत अंगवळणी पडते आणि पुढे ती लक्षातही येत नाही. डिस्लेक्सिया, म्हणजे समज शाबूत असूनही वाचन-लेखन जड जाण्याची अडचण, असलेल्या मुलाला ती वर्षानुवर्षं टोचत राहते. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापली. हा मुलगा स्वतःचं नाव 'प्रेसी' असं लिहायचा. 'कर्म'चं 'क्रम' करणाऱ्या तुमच्या धाकट्याची चूक त्याच जातीची आहे. तो धांदरट नाही, आळशी तर अजिबात नाही.

म्हणून 'अजून थोडी मेहनत घे' हा सल्ला आधी बंद करा. असं मूल वर्गातल्या इतरांपेक्षा जास्तच मेहनत घेत असतं. फक्त ती अक्षरं लावण्यातच संपते आणि अर्थ समजून घ्यायला काही उरत नाही. मेहनतीचं थोडंतरी फळ दिसलं तरच चिकाटी टिकते. मोठ्या भावाचं किंवा बहिणीचं काम म्हणजे ती मेहनत कुठे वाया जाते ते शोधायचं, ती योग्य जागी वळवायची आणि वेळ आली की बाजूला व्हायचं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड जातं.

अडतं कुठे?

पहिल्यांदा डोळे आणि कान तपासून घ्या. चष्म्याचा नंबर किंवा एका कानाने कमी ऐकू येणं ही साधी कारणं आधी बाजूला काढायची. रंगीत काचांनी किंवा डोळ्यांच्या व्यायामांनी डिस्लेक्सिया जातो, अशा जाहिरातींवर मात्र पैसे घालू नका. २००९ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी संयुक्त निवेदन काढून अशा उपायांना शास्त्रीय आधार नसल्याचं स्पष्ट केलं आहे.

मग दोन आठवडे नोंदी ठेवा. भावंडाच्या इयत्तेचा एक उतारा आणि दोन इयत्ता खालचा एक, असे साधारण १५० शब्दांचे दोन उतारे घ्या. मोठ्याने एक मिनिट वाचायला सांगा आणि त्याची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. तो वाचत असताना काही बोलू नका, पेन्सिल हातात धरू नका. नंतर एकटे बसून ऐका आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. चुकांची संख्या महत्त्वाची नाही, त्यांची जात महत्त्वाची.

ध-घ, भ-म, थ-य यांत गल्लत होत असेल तर अक्षरओळखच अजून पक्की नाही. 'पावसाळा'च्या जागी 'पाऊलवाट' येत असेल तर पहिलं अक्षर बघून पुढचं अंदाजाने ठोकून दिलं जातंय. जोडाक्षर आलं की गाडी थांबत असेल तर तेवढाच धडा घ्यायचा आहे. आणि सगळं बरोबर पण मुंगीच्या चालीने वाचत असेल, तर तोही डिस्लेक्सियाच असू शकतो. मराठीत उच्चार आणि लेखन बऱ्यापैकी जुळतं, त्यामुळे इथे अडचण चुकांपेक्षा वेगात दिसते. इंग्रजीत तीच अडचण स्पेलिंगच्या चुकांच्या राशीसारखी बाहेर येते. 'मराठी येतं, इंग्रजीचाच कंटाळा करतो' हा घरचा निष्कर्ष म्हणूनच बऱ्याचदा फसतो.

दहा मिनिटांची एक चाचणी या सगळ्याहून मोलाची आहे. एक उतारा त्याला वाचायला द्या आणि पाच प्रश्न विचारा. तितक्याच अवघड दुसऱ्या उताऱ्याचं वाचन तुम्ही करा आणि पुन्हा पाच प्रश्न विचारा. ऐकून चार-पाच उत्तरं येतात आणि वाचून एक-दोन, असं झालं तर समज शाबूत आहे, अडथळा वाचनात आहे. ऐकूनही उत्तरं येत नसतील तर भाषा, स्मरण किंवा लक्ष यांकडे बघावं लागेल आणि पुढचा सराव वेगळा असेल. पर्सीच्या मास्तरांचंही म्हणणं हेच होतं, की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता.

गणितासाठी आकडे ऐकवून लिहायला सांगा. मराठी संख्यानामं या मुलांची चांगलीच परीक्षा घेतात. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात, म्हणून ५२ लिहिलं जातं. 'एकोणतीस'मध्ये 'तीस' ऐकू येतं, म्हणून ३१ किंवा ३९. अशा चुका दोन्ही आठवडे त्याच जागी दिसल्या तर त्यांना निष्काळजीपणा म्हणू नका.

या नोंदी घेऊन मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षकांकडे मूल्यमापनाला जा. निदान घरी करायचं नसतं, पण नेमक्या नोंदी सोबत असल्या की तिथला वेळ वाचतो. अहवाल हातात आला की पालक शेवटचा शब्द तेवढा वाचतात. तुम्ही आकडे वाचा. प्रमाणित गुणांची सरासरी बहुतेक चाचण्यांत १०० धरलेली असते आणि सुमारे ६८ टक्के लोक ८५ ते ११५ मध्ये बसतात. शब्दसंग्रह ११० आणि वाचनाचा वेग ७८, ही दरी म्हणजेच खरी बातमी. १६ पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी १६ गुण नव्हेत, हे घरातल्या प्रत्येकाला एकदा समजावून सांगा. शंभर समवयस्क वेगाप्रमाणे रांगेत उभे केले तर खालून सोळाव्याच्या आसपासची ती जागा आहे.

रोजची वीस मिनिटं

आठवड्यातून पाच दिवस, रोज २० मिनिटं. रविवारी दोन तास बसून भरपाई होत नाही. घड्याळ समोर ठेवा आणि अर्धं राहिलं तरी विसाव्या मिनिटाला उठा. 'आज फक्त हे पान संपवू' म्हणत सराव दीड तासावर गेला की दुसऱ्या दिवशी पोटात दुखायला लागतं.

पहिली तीन मिनिटं जुन्या शब्दांची दहा कार्डं. त्यातली आठ येणारी असावीत, दोन अडणारी. पुढची पाच मिनिटं एकच नवी गोष्ट. समजा रफार: सूर्य, पूर्व, वर्ग, मार्ग, दर्जा. नियम बोटाने शिकवा. डोक्यावर खूण दिसली की बोट तिथे, आधी र म्हणायचा, मग बोट खाली आणून ते अक्षर. लिहिताना रफार वेगळ्या रंगाने आणि प्रत्येक आवाज तोंडाने म्हणत. डोळा, कान आणि हात एकाच वेळी कामाला लावायची ही रीत सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या गेल्या शतकातल्या कामातून आली आणि विशेष शिक्षक आजही ती वापरतात.

इथे एक चूक हमखास होते. रफार शिकवताना उत्साहाच्या भरात 'आणि हा बघ, पायातला र' म्हणून क्रम, चक्र, प्रकारही त्याच दिवशी दाखवले जातात. सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी एकत्र शिकवल्या की त्या एकमेकींना चिकटतात आणि मग सोडवायला महिने जातात. रफाराचे दहापैकी नऊ शब्द सलग दोन दिवस बरोबर आले की मगच पायातला र घ्या, आणि तोही पक्का झाला की दोन्ही मिसळा. ध आणि घ, भ आणि म यांनाही हाच नियम.

त्यानंतरची सात मिनिटं वाचन. ६० ते १०० शब्दांचा परिच्छेद आधी तुम्ही वाचा, त्याचं बोट ओळीवरून फिरू द्या. मग तोच परिच्छेद त्याने तीनदा वाचायचा. १९७९ साली एस. जे. सॅम्युएल्स यांनी मांडलेली ही पुनर्वाचनाची पद्धत दिसायला कंटाळवाणी आहे, पण तिसऱ्या वेळी स्वतःचा वेग वाढलेला त्याला स्वतःच्या कानांनी ऐकू येतो. शंभर शब्दांत पाचपर्यंत चुका असतील तर उतारा योग्य. दहाच्या वर गेल्या तर तो अवघड आहे, एक इयत्ता खाली या. धाकट्याला 'बाळबोध' वाटू नये म्हणून विषय त्याच्या वयाचा निवडा: क्रिकेट, गाड्या, प्राणी, काहीही. उरलेली पाच मिनिटं शुद्धलेखन, त्या दिवशीचे पाच शब्द आणि एक वाक्य.

तो अडला की मनात पाचपर्यंत मोजा. मग 'खूण कुठे आहे?' एवढंच विचारा. तरी जमलं नाही तर शब्द सांगून पुढे चला. चुकीचा शब्द त्याच्याच सुरात परत म्हणून दाखवणं ही मोठ्या भावंडांची खास खोड आहे आणि ती सराव बंद पाडते. पाठ करून वाचल्याचा संशय आला तर त्याच परिच्छेदातले शब्द उलट्या क्रमाने वाचायला द्या; लगेच कळेल.

मिनिटाला किती शब्द, ही मोजणी आठवड्यातून एकदाच करा आणि आलेखाच्या कागदावर ठिपका त्याच्याच हाताने टाकून घ्या. रोज मोजलं तर आकडा वर-खाली होतो आणि मन खट्टू होतं. सहा आठवडे रेघ सपाट राहिली तर वेळ वाढवू नका. मागे जाऊन कोणती पायरी कच्ची राहिली ते बघा. बहुतेक वेळा आधीची एखादी गोष्ट पक्की व्हायच्या आत पुढची घेतलेली असते.

गणितात दहाच्या काड्यांच्या जुड्या आणि सुट्या काड्या बराच काळ हातात राहू द्या. कागदावरची आकडेमोड चौकटींच्या वहीत, एका चौकटीत एकच अंक, म्हणजे हातचा भलत्या रकान्यात जात नाही. पाढ्यांची घोकंपट्टी इथे चालत नाही. २, ५ आणि १० चे पाढे पक्के करा आणि बाकीचे त्यातून काढायला शिकवा: सहा साते म्हणजे पाच साते ३५ आणि एक सात, ४२. पाढ्यांचा तक्ता समोर ठेवला म्हणून डोकं चालायचं थांबत नाही. उदाहरण कसं सोडवायचं हा विचार त्यालाच करावा लागतो.

लिहायची वेळ आली की आधी बोलून घ्यायचं. विचार फोनमध्ये बोलायचे, मग ऐकून चार मुद्दे काढायचे, मग वाक्यं. विचार आणि शुद्धलेखन एकाच वेळी सांभाळायला लावलं की तो फक्त सोपे शब्द निवडतो आणि निबंध पाच ओळींत संपतो. हाताने लिहिणंच जड जात असेल तर टायपिंग लवकर सुरू करा. रोज दहा मिनिटं, बोटांकडे न बघता.

सवलती सरावाने कामी येतात

जास्तीचा वेळ, वाचून दाखवणारा माणूस, लेखनिक, संगणक या सवलती ठिकाणागणिक वेगळ्या असतात. अर्जाची मुदत आणि कागदपत्रं वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून घ्या. सवलत मिळाली म्हणजे काम झालं असं मात्र नाही. लेखनिकाला उत्तर सांगणं हे वेगळंच कौशल्य आहे. पूर्ण वाक्य एका दमात सांगायचं, विरामचिन्हं बोलून दाखवायची, आकृतीत कुठे काय लिहायचं ते सांगायचं, लिहिलेलं परत वाचून घ्यायचं. परीक्षेपूर्वी निदान आठ-दहा वेळा जुन्या प्रश्नपत्रिकांवर ही तालीम करा, आणि लेखनिक तुम्ही होत असाल तर उत्तर 'सुधारून' लिहू नका. जास्तीच्या वेळाचंही तसंच आहे. तो कुठे वापरायचा हे ठरलेलं नसेल तर मूल नुसतं बसून राहतं. प्रश्न दोनदा वाचायला किती, शेवटी आकडे तपासायला किती, हे मिनिटांत ठरवून घ्या.

मजकूर वाचून दाखवणारं ॲप फोनवर लावून द्या आणि सुरुवातीला वेग कमी ठेवा. डोळे ओळीवर आणि कान आवाजावर, दोन्ही एकदम. नुसतं ऐकत पडून राहिलं तर लक्ष भरकटतं.

दादा-ताईची हद्द

संध्याकाळी साडेआठ, उद्या प्रकल्प द्यायचा आहे आणि धाकटी म्हणते, "ताई, तूच लिही ना, तुला पाच मिनिटं लागतील." खरंच पाचच मिनिटं लागतात, म्हणूनच मोह होतो. अशा वेळी "कुठे अडलीस तेवढं दाखव" म्हणा. अडलेली जागा सोडवा आणि वही परत द्या. काम सोपवण्याच्या चार पायऱ्या ठेवा: मी करते तू बघ, दोघी मिळून करू, तू कर मी बघते, तू कर आणि झालं की सांग. प्रत्येक नवं काम या पायऱ्यांवरून न्या आणि तारीख लिहा. तीन महिने एकाच पायरीवर असाल तर सोडत नाही आहात ते तुम्ही.

आईबाबांना एक गोष्ट स्पष्ट सांगा: तुमचे गुण तिच्यासमोर काढायचे नाहीत. कौतुक करायचं तर नेमकं करा. 'हुशार आहेस गं' याचा तिला उपयोग नाही, कारण तिला ते खरं वाटत नाही. 'रफाराचे नऊ शब्द न थांबता वाचलेस' हे ती नाकारू शकत नाही. आणि तुमची परीक्षा असेल तेव्हा सराव दुसऱ्या कुणाकडे द्या. चिडून घेतलेल्या वीस मिनिटांपेक्षा सुट्टी बरी.

काम निवडताना

'अशी मुलं कलेत चमकतात' हे वाक्य कितीही गोड वाटलं तरी त्यावर करिअर उभं करू नका. डिस्लेक्सियासोबत चित्रकला फुकट मिळत नाही. नामवंतांची उदाहरणं द्यायची तर त्यातलं उपयोगी तेवढं उचला. पेशींच्या संशोधनासाठी २००९ साली नोबेल मिळालेल्या कॅरल ग्रायडर यांना लहानपणी स्पेलिंगच्या जादा तासाला बसवत आणि आपण मठ्ठ आहोत असं त्यांना वाटे. पुढे प्रमाणित प्रवेश परीक्षेतल्या कमी गुणांमुळे बऱ्याच विद्यापीठांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. प्रयोगशाळेतलं काम आणि शिफारसपत्रं भक्कम होती म्हणून बर्कली विद्यापीठाचं दार उघडलं. यातून घ्यायचं ते हे: परीक्षेत कमी पडणाऱ्याने केलेल्या कामाचा पुरावा लवकर जमवायला लागावं. दुरुस्त केलेल्या वस्तूंचे फोटो, चालवून दाखवलेला कार्यक्रम, कुणाच्या हाताखाली केलेले तीन महिने.

व्यवसायाचं नाव बघून निर्णय घेऊ नका, त्यातला मंगळवार बघा. ज्या कामाचा विचार आहे तिथे तीन दिवस सोबत बसायची परवानगी काढा आणि दर अर्ध्या तासाला नोंद करायला सांगा: काय वाचावं लागलं, किती घाईत, काय लिहावं लागलं, आकडे किती, चूक झाली तर काय बिघडतं. सुतारकामात वाचन कमी, पण मापं सतत. डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकड्यांच्या बाबतीत तशीच अडचण, असेल तर प्रत्येक माप दोनदा घेऊन लिहायची सवय लागेल. वीजकामात आकृत्या भरपूर, परिच्छेद कमी. प्रोग्रॅमिंगमध्ये अक्षराची चूक संगणकच दाखवतो, लांबलचक सूचनापत्रकं मात्र वाचावी लागतात. शुश्रूषेत माणसांशी जिव्हाळा कामी येतो, पण औषधाच्या मात्रेचा हिशेब दुसऱ्याकडून तपासून घेतल्याशिवाय चालत नाही. जिथे अडचणीची गोष्ट दिवसातून तासभर आहे आणि तिला साधन किंवा तपासणी लावता येते, ते काम जमण्यासारखं. जिथे ती दिवसभर, घाईत आणि एकट्याने करायची आहे, तिथे आवड असली तरी दोनदा विचार करा.

निवड भावंडाची. तुम्ही तक्ता भरायला मदत करा, शेवटचा रकाना रिकामा ठेवून त्याच्याकडे द्या.

पहिले काही महिने

वरिष्ठांना सांगायचं की नाही आणि कधी, हेही त्यानेच ठरवायचं. सांगायचं असेल तर तीन वाक्यं पाठ करून घ्या: काय अडतं, त्यावर मी काय करतो, तुमच्याकडून काय हवं. उदाहरणार्थ, "मला लांब मजकूर वाचायला वेळ लागतो. मी तो फोनवर ऐकून घेतो आणि मुद्दे लिहून ठेवतो. बैठकीचा कागद एक दिवस आधी मिळाला तर मी तयारीने येईन." माफीचा सूर नको, आजाराचा इतिहासही नको.

कामाच्या ठिकाणी चूक बहुतेक तोंडी सूचनांच्या साखळीत होते. पाच गोष्टी एका दमात सांगितल्या जातात, तिसरी गळते. त्यामुळे सूचना ऐकली की लगेच परत म्हणून दाखवायची आणि खिशातल्या वहीत फक्त क्रियापदं लिहायची: आण, मोज, कळव. वारंवार लागणाऱ्या पत्रांचे चार-पाच नमुने बनवून ठेवा, त्यात फक्त नाव, तारीख आणि आकडा बदलायचा. पूर्ण झालेलं काम कसं दिसतं याचा फोटो टेबलाजवळ लावलेला असला की लेखी यादीपेक्षा लवकर पडताळता येतं. आकडे लिहिल्यावर उजवीकडून डावीकडे एकदा वाचायचे; अदलाबदल झालेली जोडी तेव्हा दिसते.

महत्त्वाची ईमेल पाठवण्याआधी ॲपकडून मोठ्याने वाचून घ्यायची. डोळ्याला न दिसलेला गाळलेला शब्द कानाला खटकतो. पहिल्या महिन्यात तुम्ही रोज दोन ईमेल तपासून द्या, दुसऱ्यात आठवड्याला दोन, तिसऱ्यात फक्त तो मागेल तेव्हा. निदान उशिरा झालं असलं तरी हे सगळं लागू पडतं. मोटारशर्यतीत १९६९, १९७१ आणि १९७३ असा तीनदा जगज्जेता ठरलेल्या जॅकी स्ट्युअर्टला आपल्याला डिस्लेक्सिया आहे हे वयाच्या चाळिशीनंतर कळलं. चौथ्या महिन्यात तो एखादी ईमेल न दाखवता पाठवेल आणि तिच्यात एक वेलांटी चुकलेली असेल. ती तुम्हाला दिसली तरी त्याने विचारल्याशिवाय सांगू नका.